वर्गातले पिस्तूल आणि इतिहासाची साक्ष

१/
१ ऑगस्ट २०१६. टेक्सस राज्याची राजधानी ऑस्टिन. तेथील युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससच्या उंच मनोऱ्यावरचे घड्याळ त्या दिवशी मुद्दाम थांबवून ठेवले होते. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, याच मनोऱ्यावरून एका विद्यार्थ्याने खाली चालणाऱ्या माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्यात बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळेचे त्या सकाळी अनावरण झाले. आणि त्याच दिवशी राज्यात एक नवा कायदा अमलात आला. सार्वजनिक विद्यापीठांच्या इमारतींत, अगदी वर्गातसुद्धा, परवानाधारकाला भरलेले पिस्तूल अंगावर लपवून नेण्याची मुभा त्याने दिली. योगायोग म्हणा, अनास्था म्हणा. तारीख मात्र तीच होती.

२/
आजचा थ्रेड या कायद्यांविषयी आहे. अमेरिकेत त्यांना ‘कॅम्पस कॅरी’ म्हणतात. विषय दूरचा वाटेल, पण मला तो दोन कारणांनी जवळचा आहे. पहिले कारण असे की, या वादात इतिहासाला थेट न्यायालयात साक्षीला उभे केले जाते, आणि इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी म्हणून ती साक्ष कशी घेतली जाते याची मला काळजी वाटते. दुसरे कारण घरचे आहे. आमच्याच विभागातली, माझ्याहून तीन वर्षे पुढे असलेली एक ताई आज टेक्ससमधल्या एका सार्वजनिक विद्यापीठात संशोधन करते आणि शिकवते. तिच्याविषयी पुढे लिहितेच.

माझे मत लपवत नाही : वर्गात शस्त्र असू नये, आणि हे ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाचा असावा. पण विरुद्ध बाजूचे म्हणणे नीट मांडल्याशिवाय मी तिथे पोहोचणार नाही.

३/
आधी कायदा. टेक्ससच्या विधिमंडळाने २०१५ साली ‘सिनेट बिल ११’ संमत केले आणि राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी जूनमध्ये त्यावर सही केली. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सार्वजनिक विद्यापीठांना तो २०१६ पासून आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांना २०१७ पासून लागू झाला. परवाना तेव्हा सर्वसाधारणपणे एकवीस वर्षे पूर्ण झालेल्यालाच मिळत असे. पिस्तूल उघडपणे मिरवता येत नाही, ते लपलेलेच असले पाहिजे. विद्यापीठाचा अध्यक्ष काही जागा वगळू शकतो, पण सरसकट बंदी घालू शकत नाही.

खासगी विद्यापीठांना मात्र हा कायदा न स्वीकारण्याची मोकळीक होती, आणि जवळजवळ सर्वांनी ती वापरली. जिथे संस्थेला निवड करू दिली तिथे निवड काय झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

४/
आता १९६६. चार्ल्स व्हिटमन हा पूर्वी मरीन दलात असलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी. आदल्या रात्री त्याने आई आणि पत्नी यांचे प्राण घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास बंदुका भरलेली पेटी घेऊन तो मनोऱ्याच्या अठ्ठाविसाव्या मजल्यावरच्या सज्जात गेला. त्यानंतर सुमारे ९६ मिनिटे तो गोळ्या झाडत राहिला. दहाहून अधिक माणसे मारली गेली, तिसाहून अधिक जखमी झाली. एका जखमीचा मृत्यू तर तब्बल पस्तीस वर्षांनी, २००१ साली, त्याच जखमेच्या परिणामांनी झाला. रामिरो मार्टिनेझ आणि ह्यूस्टन मॅकॉय हे पोलीस, आणि त्यांच्यासोबत पुस्तकाच्या दुकानात काम करणारे ॲलन क्रम हे नागरिक, वर पोहोचले तेव्हा तो थांबला.

५/
त्या दीड तासात आणखी एक गोष्ट घडली. ऑस्टिनचे सामान्य नागरिक आणि विद्यार्थी हरणांच्या शिकारीच्या रायफली घेऊन आले आणि झाडांच्या, मोटारींच्या आडून मनोऱ्यावर गोळीबार करू लागले.

या प्रसंगाच्या दोन स्मृती आजही शेजारी शेजारी नांदतात. मार्टिनेझ यांच्या मते नागरिकांच्या गोळ्यांमुळे व्हिटमनला कठड्याआड वाकून राहावे लागले आणि त्याचा नेम मर्यादित झाला. त्या लोकांचे पुरेसे कौतुक झाले नाही, अशी त्यांची खंत होती. दुसरी स्मृती अशी की, वर गेलेल्या माणसांना खालून येणाऱ्या आपल्याच लोकांच्या गोळ्यांपासून जीव वाचवावा लागला. व्हिटमन मेल्यावरही खालचा गोळीबार थांबेना. तो थांबावा म्हणून वरून टॉवेल हलवावा लागला.

६/
क्लेअर विल्सन तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या आणि गरोदर होत्या. पहिल्या गोळ्यांपैकी एक त्यांना लागली. पोटातले बाळ गेले. शेजारी चालणारा त्यांचा जोडीदार तिथेच मरण पावला. तापलेल्या फरशीवर त्या तासाहून अधिक काळ पडून होत्या. शेवटी काही तरुणांनी निःशस्त्र धाव घेऊन त्यांना उचलून नेले. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी कॅम्पस कॅरीच्या विरोधात जाहीर भूमिका घेतली.

म्हणजे एकाच दुपारचे दोन साक्षीदार, दोघेही मृत्यूच्या तोंडून परत आलेले, आणि दोघांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध. ‘इतिहास आपल्याला शिकवतो’ असे वाक्य सहज लिहिणाऱ्या प्रत्येकाने (त्यात मीही आले) या जागी थोडे थांबावे.

७/
विरोधी बाजूची सर्वांत प्रबळ साक्ष मात्र विद्यापीठाबाहेरची आहे. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्ससमधल्याच किलीन गावी ‘लूबीज’ या उपाहारगृहात एका माणसाने २३ जणांना मारले. सुझाना ग्रेशिया हप तिथे आई-वडिलांसोबत जेवत होत्या. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर होते, पण तेव्हाच्या कायद्याला घाबरून ते त्यांनी मोटारीत ठेवले होते. आई-वडील दोघेही मारले गेले. पुढे त्या विधिमंडळाच्या सदस्य झाल्या. त्यांची कहाणी लपवून शस्त्र बाळगण्याच्या परवान्याच्या चळवळीचा चेहरा बनली, आणि १९९५ साली राज्यपाल जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी तसा कायदा केला.

या बाईंना कोणता युक्तिवाद ऐकवायचा? आकडेवारी तर नक्कीच नाही. त्यांचे दुःख खरे आहे, आणि त्यातून निघालेला प्रश्नही खरा आहे.

८/
१९९५ च्या कायद्याने विद्यापीठांच्या इमारती वगळल्या होत्या. ती भिंत ढासळायला सुरुवात झाली ती व्हर्जिनिया टेकनंतर. १६ एप्रिल २००७ रोजी तिथे एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारले. लिव्हिउ लिब्रेस्कू हे नाझींच्या वंशसंहारातून वाचलेले प्राध्यापक वर्गाचे दार अडवून उभे राहिले. विद्यार्थी खिडकीतून निसटले आणि ते स्वतः गेले. तमिळनाडूत जन्मलेले प्रा. जी. व्ही. लोगनाथन गेले. मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही त्याच इमारतीत गेली. तेव्हा मी शाळेत होते. घरी वर्तमानपत्रातला तिचा फोटो पाहून आई किती वेळ गप्प बसली होती, ते आठवते.

त्याच वर्षी अमेरिकेत विद्यार्थ्यांची एक संघटना उभी राहिली. तिची मागणी होती : आम्हाला वर्गात शस्त्र बाळगू द्या.

९/
अर्थात सुरुवात त्याआधीची आहे. युटा राज्याने २००४ मध्येच सार्वजनिक विद्यापीठांच्या बंदीला कायद्याने आडकाठी केली, आणि २००६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला. पुढे विस्कॉन्सिन, मिसिसिपी, आयडाहो, कॅन्सस, जॉर्जिया आणि अलीकडे वेस्ट व्हर्जिनिया अशी यादी वाढत गेली. प्रत्येक ठिकाणचे तपशील निराळे. टेनेसीने ही मुभा फक्त नोकरवर्गाला दिली, विद्यार्थ्यांना नाही.

याउलट व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जॉर्ज मेसन विद्यापीठाची बंदी वैध ठरवली. व्हर्जिनिया टेकच्या हत्याकांडाला जेमतेम चार वर्षे झाली होती, आणि ते घडले तेच हे राज्य.

१०/
हा वाद ‘सैनिकी वृत्तीचे’ आणि ‘पुस्तकी’ अशा दोन तटांत सहज मांडला जातो, पण तसा तो नाही. टेक्ससचे विधेयक मांडणारे सिनेटर ब्रायन बर्डवेल हे पेंटागॉनवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात गंभीर भाजूनही वाचलेले लष्करी अधिकारी. आणि विद्यापीठांच्या बाजूने त्याला ठाम विरोध करणारे, टेक्ससच्या विद्यापीठ-समूहाचे प्रमुख विल्यम मॅकरेवन, हे नौदलाचे निवृत्त ॲडमिरल. ओसामा बिन लादेनवरच्या कारवाईची सूत्रे त्यांनीच हलवली होती. आयुष्यभर शस्त्रे हाताळलेला माणूस सांगत होता की, या जागी ती नकोत. विधिमंडळाने ऐकले नाही.

११/
आता इतिहास न्यायालयात कसा पोहोचला ते पाहू. अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या अधिकाराविषयी आहे. २००८ च्या ‘हेलर’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार व्यक्तीचा मानला, पण शाळा व सरकारी इमारती अशा ‘संवेदनशील जागां’वरची बंदी त्यामुळे धोक्यात येत नाही असेही नोंदवले. २०२२ च्या ‘ब्रुएन’ निकालाने कसोटीच बदलली. शस्त्रावरचे कोणतेही बंधन टिकवायचे असेल, तर ते देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत आहे हे सरकारने दाखवावे. २०२४ च्या ‘रहीमी’ निकालाने ही कसोटी थोडी सैल केली. हुबेहूब जुना कायदा नको, जुने तत्त्व पुरे.

तेव्हापासून वकील दफ्तरखान्यांत दिसू लागले आहेत. मग आपणही जाऊ या.

१२/
शस्त्रसमर्थकांचे एक आवडते पत्र आहे. ऑगस्ट १७८५ मध्ये टॉमस जेफर्सनने पॅरिसहून आपला किशोरवयीन भाचा पीटर कार याला अभ्यासाबद्दल लिहिले. व्यायाम कोणता करावा? चेंडूच्या खेळांपेक्षा बंदूक बरी, फिरायला जाताना ती सोबत असू दे. तिने धाडस आणि मनाची स्वतंत्रता वाढते, असा त्याचा सल्ला होता. घटनेच्या काळातला थोर पुरुष एका विद्यार्थ्याला बंदूक बाळगायला सांगतो. यापरता पुरावा कोणता?

पुरावा खरा आहे. फक्त कहाणी तिथे संपत नाही.

१३/
चाळीस वर्षांनी तोच जेफर्सन स्वतःचे विद्यापीठ उभारत होता. ४ ऑक्टोबर १८२४ रोजी युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाच्या नियामक मंडळाची बैठक झाली. मंडळाचा प्रमुख जेफर्सन. सदस्यांमध्ये जेम्स मॅडिसन, म्हणजे घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्यांचा मसुदा ज्याने संसदेत मांडला तोच. शस्त्राचा अधिकार सांगणारी दुसरी दुरुस्ती त्यांतलीच.

या मंडळाने विद्यार्थ्यांसाठी नियम केले. विद्यापीठाच्या हद्दीत मद्य नको, कोणत्याही प्रकारचे शस्त्र किंवा बंदुकीची दारू बाळगायची नाही, नोकर, घोडा, कुत्रा ठेवायचा नाही, वर्गात काठी घेऊन यायचे नाही, तंबाखू नको. भाच्याच्या खांद्यावर बंदूक देणारा मामा विद्यापीठाच्या दारात ती खाली ठेवायला सांगतो आहे. मला यात विसंगती दिसत नाही. रानवाट वेगळी आणि वर्ग वेगळा, एवढे भान त्याला होते.

१४/
नियम झाले म्हणून ते पाळले गेले असे नव्हे. मार्च १८२५ मध्ये विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच शरदात मुखवटे घातलेल्या विद्यार्थ्यांनी दंगा केला, अध्यापकांवर हल्ले केले. ८२ वर्षांचा, आजारी जेफर्सन विद्यार्थ्यांपुढे बोलायला उभा राहिला आणि भावनावेगाने त्याला बोलवेना, असे सांगतात. दंगेखोरांमध्ये त्याच्या स्वतःच्या नात्यातला एक मुलगा निघाला. पुढल्या वर्षी जुलैत जेफर्सन वारला.

१८३६ मध्ये विद्यार्थ्यांच्या लष्करी तुकडीच्या बंदुकांवरून अध्यापकांशी पुन्हा तंटा पेटला आणि नोव्हेंबरात मोठी दंगल झाली. त्यानंतर दरवर्षी त्या दंगलीचा ‘वाढदिवस’ गोळीबार करून साजरा करण्याची रीत पडली.

१५/
१२ नोव्हेंबर १८४० ची रात्र. त्या वाढदिवसाचा धिंगाणा चालू होता. कायद्याचे प्राध्यापक आणि अध्यापक मंडळाचे अध्यक्ष जॉन डेव्हिस बाहेर आले. मुखवटा घातलेल्या एका विद्यार्थ्याच्या तोंडावरचा पडदा ओढायला ते पुढे झाले आणि त्याने पिस्तूल झाडले. दोन दिवसांनी डेव्हिस वारले. मारेकऱ्याचे नाव त्यांनी सांगितले नाही, सभ्य माणूस असेल तर तो स्वतःच पुढे येईल असे ते म्हणाले, अशी आख्यायिका विद्यापीठात आजवर सांगितली जाते. मारेकरी पकडला गेला, पण जामिनावर सुटून पसार झाला. खटला उभा राहिलाच नाही.

वर्गातल्या पिस्तुलाचा प्रश्न म्हणजे विसाव्या शतकातल्या माथेफिरूंनी निर्माण केलेला प्रश्न नव्हे. एका क्षणाचा राग, तारुण्य, आणि हाताशी असलेले शस्त्र यांचा तो जुना हिशेब आहे.

१६/
विद्यापीठाने यावर काय केले? प्राध्यापकांना पिस्तुले दिली नाहीत. डेव्हिसच्या जागी आलेले हेन्री सेंट जॉर्ज टकर यांनी १८४२ मध्ये सुचवले की, परीक्षेत मदत घेतली नाही असे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दावर लिहून द्यावे आणि अध्यापकाने त्यावर विश्वास ठेवावा. आज जी ‘ऑनर सिस्टिम’ म्हणून प्रसिद्ध आहे तिचा उगम हा. एका खुनानंतर संस्थेने दोन्ही बाजूंचा संशय कमी करण्याचा मार्ग धरला.

१७/
पण या चित्राला सोनेरी चौकट लावू नये. ते विद्यापीठ गुलामांच्या श्रमांवर उभे होते. विद्यार्थ्याला स्वतःचा नोकर आणता येत नसे, कारण संस्थेत राबणारे गुलाम होतेच, आणि विद्यार्थी त्यांना मारहाण करत. ‘सन्मान’ ही कल्पना गोऱ्या जमीनदारांच्या मुलांची होती. द्वंद्वयुद्धही त्याच सन्मानातून जन्मे. शस्त्रबंदीच्या नियमाला गुलामाच्या जिवाची फिकीर नव्हती. पूर्वजांचा एखादा नियम आपल्याला आज पटतो म्हणून पूर्वज शहाणे ठरत नाहीत. तो नियम त्यांनी केला होता, एवढेच सिद्ध होते.

१८/
आणि तो एकट्या व्हर्जिनियाचा नव्हता. हार्वर्डच्या १६५५ च्या नियमांत विद्यार्थ्याने खोलीत बंदूक ठेवण्याला मनाई आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठाने १७९९ मध्ये, जॉर्जियाच्या विद्यापीठाने १८१० मध्ये असेच नियम केले. यांतले जॉर्जिया आज कॅम्पस कॅरीच्या यादीत आहे.

सर्वांत बोलका दाखला खुद्द टेक्ससचा. ऑगस्ट १८७० मध्ये तेथील विधिमंडळाने कायदा केला : चर्च, मतदानाची जागा, शाळेची खोली, किंवा शिक्षण, साहित्य वा विज्ञान यांच्यासाठी माणसे जमतात अशा कोणत्याही ठिकाणी बंदूक वा मोठा सुरा नेणे हा गुन्हा. हे कॉलेजचे शिस्तीचे नियम नव्हेत. प्रौढांना, सर्वांना लागू असलेला हा राज्याचा कायदा होता. ऑस्टिनचे विद्यापीठ उघडायला अजून तेरा वर्षे होती.

१९/
यावर समर्थकांची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिले : जुन्या कॉलेजांचे विद्यार्थी पंधरा-सोळा वर्षांचे असत आणि कॉलेज त्यांचा पालक असे. कुत्रा पाळू नका म्हणणारा नियम घटनात्मक परंपरा कशी ठरेल? आजचा परवानाधारक प्रौढ नागरिक आहे.

दुसरे : १८७० चा कायदा यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळातला. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र टोळ्या हल्ले करत होत्या, त्या पार्श्वभूमीवर तो झाला. पण दक्षिणेतले शस्त्रकायदे पुढे अनेकदा त्याच कृष्णवर्णीयांविरुद्ध वापरले गेले. मग अशा कायद्यांना आदर्श मानायचे का?

दोन्ही आक्षेपांमागे वाचन आहे. ते झटकून टाकणाऱ्याने दफ्तर अर्धेच उघडले आहे.

२०/
म्हणूनच माझी तक्रार निकालांपेक्षा कसोटीशी आहे. न्यायालय इतिहासाला ‘होय’ की ‘नाही’ एवढेच विचारते. दफ्तरे तसे उत्तर देत नाहीत. कोणी, कोणत्या भीतीपोटी, कोणाला वगळून काय ठरवले, हे ती सांगतात. जेफर्सनचे १७८५ चे पत्र आणि १८२४ चा ठराव एकत्र वाचले तर एक माणूस जागेनुसार विचार बदलताना दिसतो. त्यांतला एकच कागद न्यायालयात नेला तर तो पुतळा होतो.

तरीही कसोटी त्यांचीच मानली, तर दफ्तराचा कल स्पष्ट आहे. विद्येच्या जागी शस्त्र नको हा विचार अमेरिकेत घटनेहून जुना आहे. सार्वजनिक विद्यापीठाला आपल्या दाराचा नियम करू न देणे, हीच या परंपरेतली नवी गोष्ट आहे.

२१/
मग २०१६ नंतर काय झाले? प्रामाणिकपणे सांगायचे तर विरोधकांनी वर्तवलेले रक्तपात वर्गावर्गात झाले नाहीत. त्या सप्टेंबरात टार्लटन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहात एका विद्यार्थ्याकडून चुकून गोळी सुटली. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. परवानाधारक बहुतांशी शिस्तीने वागले. हे मान्य केलेच पाहिजे.

पण हानी मोजायचे माप फक्त प्रेते हेच आहे का? कायदा लागू होण्याआधी ह्यूस्टन विद्यापीठातल्या अध्यापकांच्या एका सभेत दाखवलेली सूचना गाजली होती. तिचा आशय असा : संवेदनशील विषय जपून हाताळा, काही विषय अभ्यासक्रमातून काढण्याचा विचार करा, राग दिसला तर त्या वाटेला जाऊ नका, विद्यार्थ्यांना भेटण्याच्या वेळा मर्यादित ठेवा. एकही गोळी न सुटता अभ्यासक्रम आक्रसतो तो असा.

२२/
ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिकांनी हाच मुद्दा न्यायालयात नेला. वर्गात कोणाकडे शस्त्र आहे हे ठाऊक नसताना वादग्रस्त विषयावर मोकळी चर्चा करवत नाही, सबब आमच्या अभिव्यक्तीवर गदा येते, असे त्यांचे म्हणणे. ऑगस्ट २०१८ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ‘ग्लास विरुद्ध पॅक्स्टन’ खटला फेटाळला. ही भीती विद्यार्थी पुढे काय करतील याच्या अंदाजावर उभी आहे, हानी निश्चित नाही, म्हणून त्या मुद्द्यावर दाद मागण्याचा अधिकारच पोहोचत नाही, असे न्यायालय म्हणाले.

कायद्याच्या चौकटीत ते बरोबर असेलही. पण जे बोललेच गेले नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? इतिहासाच्या विद्यार्थ्याचा हा रोजचा प्रश्न आहे : दफ्तरात मौनाची नोंद नसते.

२३/
आता आपल्या घरांकडे. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी मुले-मुली टेक्ससच्या सार्वजनिक विद्यापीठांत जातात. विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी व्यक्तीला अमेरिकी संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाला पिस्तूल बाळगता येते आणि दुसऱ्याला नाही.

‘सज्जनाच्या हाती शस्त्र असेल तर सर्वजण सुरक्षित’ हा युक्तिवाद ऐकताना मी नेहमी या दुसऱ्याचा विचार करते. त्याच्या वाट्याला या कायद्याचा अधिकार येत नाही. येते ती फक्त समोरच्यावर विश्वास ठेवण्याची सक्ती.

२४/
ताई त्या बाकासमोर उभी राहून शिकवते. तिच्या विद्यापीठात स्वतंत्र खोली असलेल्या प्राध्यापकाला ‘माझ्या खोलीत पिस्तूल आणू नका’ असे सांगता येते. अध्यापन सहायक चौघे-पाच जण एका खोलीत बसतात, त्यांना ती सोय नाही. कोणाकडे पिस्तूल आहे का, हेही विचारता येत नाही. आणि गुणांवरून भांडायला विद्यार्थी येतात ते सहायकाकडेच.

मागे फोनवर मी तिला विचारले, “भीती वाटते का गं?” ती म्हणाली, “भीती नाही गं, सवय लागते. रागावलेली मुले पुण्यातही यायचीच की. इथे फक्त मी दाराकडे तोंड करून बसते.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि गुलामगिरीवरचा निबंध परत देताना शेरे सौम्य लिहिते. आधी लिहीत नव्हते.”

हे वाक्य मला कोणत्याही आकडेवारीत सापडणार नाही.

२५/
सुझाना हप यांना माझ्याकडे आजही उत्तर नाही. उपाहारगृहात, रस्त्यावर, घरात माणसाने आपला जीव कसा राखावा, हा वाद अमेरिकेने आपल्या रीतीने लढावा. माझे म्हणणे एका जागेपुरते आहे. वर्ग ही अशी जागा आहे की तिथे विद्यार्थ्याला त्याची समजूत चुकली आहे असे तोंडावर सांगावे लागते, आणि त्यानेही शिक्षकाला तसे सांगता आले पाहिजे. दोघांनाही न घाबरता. या देवघेवीसाठी दोघांचे हात रिकामे असावेत, हे हार्वर्डला १६५५ मध्ये, जेफर्सन-मॅडिसनना १८२४ मध्ये आणि टेक्ससच्या विधिमंडळाला १८७० मध्ये, आपापल्या दोषांसह, कळले होते. आज ते ठरवण्याचा अधिकार त्या त्या विद्यापीठाला परत मिळावा, एवढीच माझी भूमिका आहे.

ऑस्टिनच्या मनोऱ्यावरचे घड्याळ दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाले. खाली वर्ग भरत राहिले, अजूनही भरतात. तिथे शिकवणाऱ्या माणसांनी शेरे सौम्य लिहू नयेत, असे मला मनापासून वाटते.

थ्रेड समाप्त. मतभेद जरूर नोंदवा. एखादा दाखला चुकीचा वाटला तर पुराव्यासह सांगा, दुरुस्त करीन.